मागचा पडदा

सराव परीक्षेचा गणिताचा पेपर न देताच हर्षा दुपारी घरी परतली, तेव्हा तिच्या आईनं, वच्छलानं, तिला पायरीवरच एक मुस्काटात ठेवून दिली.

"पेपर आला का बरोबर दुखते तुह्यं डोकं! खोटारडी!"

दिवाळीपासून हेच गाऱ्हाणं चाललं होतं. केशोरीहून कॉलेजला जाताना दुलीचंदच्या जीपमध्ये बसलं की पोरीला मळमळायचं, कपाळ ठणकायचं. वच्छलानं आधी मायेनं सांगून पाहिलं होतं, "मागचा पडदा वर बांधून बसत जा, मोकळी हवा लागते." जानेवारीच्या थंडीत शेजारणींची बोलणी खात पोरगी पडदा उघडून बसायची. तरी दुखणं वाढतच गेलं. मग ढोंग नाही तर काय? बारावीच्या वर्षी असली थेरं वच्छला खपवून घेणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेपरला ती स्वतःच सोबत निघाली. पुढं ड्रायव्हर चैतराम, त्याच्या शेजारी मालक दुलीचंद, मधल्या सीटवर पुरुष, आणि बाया-पोरी सगळ्या मागं, गुडघ्याला गुडघे लावून. हे कुणी ठरवलं, ते कुणी विचारत नसे.

हर्षानं मुकाट्यानं पडदा वर बांधला. गाडी सुटली आणि थोड्याच वेळात जळका, कडवट वास वच्छलाच्या घशात उतरला. कपाळात घण बसू लागले. समोरच्या पार्वताबाईनं पदरात तोंड खुपसलं होतं. हर्षाचे ओठ पांढरे पडले होते. पोरगी खरं बोलत होती! वच्छलाच्या अंगाची लाही लाही झाली.

"थांबव गाडी!"

उतरून तिनं खाली वाकून पाहिलं. सायलेन्सरचा नळा मधेच तुटला होता, तारेनं कसाबसा बांधला होता आणि बायांच्या पायाखालीच काळा धूर ओकत होता.

"दुलीचंदभाऊ, हे कवापासून?"

"असंल दिवाळीपासून. कायले चिडून राहिली बाई? आमाले तं पुढं काही वास येत नाही."

"कुठून येईल? उतरा. मागं बसा."

"बायांच्या मधात?"

"बायांच्याच मधात!"

तिचा अवतार पाहून दुलीचंद उतरला. वच्छलानं हर्षाला त्याच्या जागी बसवलं आणि स्वतः मागं त्याच्यासमोर बसली. दहा मिनिटांत त्यानं पत्रा बडवून गाडी थांबवली आणि रस्त्याच्या कडेला भडभडून ओकला. पण तोंड पुसून होताच त्यानं पुन्हा आवाज चढवला.

"पडदा उघडा ठेवता अन् मले बोलता? मागून उघडं असलं तं चालती गाडी धूर आत ओढते. पडदा उघडाले कोणत्या शहाणीनं सांगतलं?"

वच्छलानं हर्षाकडं पाहिलं.

हर्षा पुढून उतरून आली होती. तिनं आईकडं पाहिलंही नाही. "कोणी नाही सांगतलं," ती म्हणाली. "मलेच हवा लागते."

कालची खोटारडी आज खरोखर खोटं बोलली होती. वच्छलाला भर रस्त्यात स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"म्या सांगतलं!" ती कडाडली. "अन् नळा तुटला हे तुम्ही दिवाळीलेच सांगतलं असतं, तं म्या काल पोरीवर हात टाकला नसता. बसा मागं."

"आता? परत?"

"पेपर अकराले आहे. पडदा खाली सोडा अन् पोचेपर्यंत धरून बसा."

दुलीचंद चढला. हर्षा पुढच्या सीटवर जाऊन बसली, आणि तिनं वही उघडली.