चौदा वर्षांच्या उंच मुली

"बाई, तुमचं वय किती हो?"

शालूनं पैज लावली होती, म्हणून मी विचारलं. ती बाकीच्या पोरींसोबत खिडकीखाली दबून बसली होती. माझी उंची मोजणाऱ्या डॉक्टर वत्सला देशकर म्हणाल्या, एकोणचाळीस, आणि मला मान सरळ ठेवायला सांगितलं. आमच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरात कुठल्याच बाईनं वय इतक्या पटकन सांगितलेलं नव्हतं!

या डॉक्टर औषध देत नसत. गाव सोडून कारखान्याजवळ आलेल्या माणसांची शरीरं कशी वाढतात, याचा त्या अभ्यास करत. महिनाभर भिलाईतल्या मुलींची उंची, वजन, वय लिहीत होत्या. शाळा सुटली की मी त्यांचं रजिस्टर सांभाळायचे.

एक दिवस त्या खुशीत म्हणाल्या, इथल्या चौदाच्या मुली बाकी ठिकाणच्यांपेक्षा चांगल्या दोन बोटं उंच आहेत, हे छापायलाच हवं.

मला खरं ठाऊक होतं. त्यातली एकही चौदाची नव्हती. घोडनवरी घरात बसली असं कोणी म्हणू नये, म्हणून सगळ्या आयांनी दोन-दोन वर्षं चोरली होती. माझ्या मायनंही. रविवारी गोंदियाचे पाहुणे मला बघायला येणार होते, त्यांनाही चौदाच सांगितलेलं. खरं बोलावं तर मायची फजिती, गप्प बसावं तर बाईंची मेहनत पाण्यात.

मी सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. रजिस्टर माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "मग तूच दुरुस्त कर."

चार दिवस घरोघर फिरले. स्वातंत्र्याच्या साली कोण रांगत होती, कोण पोटात होती? आयांनी आधी झापलं, मग बोटांवर मोजलं. एकेचाळीस वयं बदलली. आमची उंची साधीच निघाली! बाईंचा मोठा शोध गेला, तरी त्या म्हणाल्या की पंधरा वर्षांत ही चूक त्यांना कोणी दाखवली नव्हती, आता जुनी रजिस्टरंही तपासावी लागतील. एवढं मोठं काम माझ्या शब्दावर! त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. हे शिकायला काय करावं लागतं, मी विचारलं. आधी बी.एस्सी., म्हणाल्या, पुढचं आपण बघू.

शनिवारी बाबा ड्यूटीवरून आले. रजिस्टरातली वयं मी बदलल्याचं मायच्या कानावर आलंच होतं.

"लय शायनी झाली तुमची पोट्टी, मोठ्याईले अक्कल शिकवते," ती बाबांना म्हणाली.

बाबा बूट काढता काढता थांबले, माझ्याकडे बघू लागले.

"माय, उद्या पाहुण्याईले सोळा सांगजो," मी म्हटलं. "अन् बाबा, मले आत्ता लग्न नाही करायचं. अकरावी झाली का मी रायपूरले बी.एस्सी. करतो."