बांधाकडची डागाळलेली ओळ

"ताई, गव्हाच्या पानांवर हळद सांडल्यासारखं दिसतंय. बोट लावलं की बोटाला लागतं."

फोनवर धाकट्या भावाचं हे वाक्य ऐकलं आणि हरितगृहात उभ्या असलेल्या ताईने हातातली कुंडी खाली ठेवली. तिचा जन्म गव्हाचे नवे वाण तयार करण्यात गेला होता. बोटाला लागणारी पिवळी भुकटी म्हणजे तांबेरा, बुरशीचा रोग, हे तिला कुणी समजावायला नको होतं. भावाच्या रानात उभा होता तो वाणही तिचाच. त्याच्या पानावर ठिपका म्हणून येत नाही, यावरून गहू संशोधन केंद्रात तिची केवढी वाहवा झाली होती.

"सगळ्या रानात आहे?"

"सगळ्याच. बांधाकडे जास्त. ते तुझं रोगट गवत आहे ना, तिथूनच सुरू झालंय. आता आधी तेच उपटून जाळतो."

"त्याला हात लावू नकोस," ती म्हणाली, पण तोवर फोन बंद झाला होता. तिने पुन्हा लावला. वाजत राहिला. कामाला लागला की फोन सदऱ्यात आणि सदरा झाडावर, ही त्याची जुनी खोड. किल्ली घेऊन ती गाडीकडे धावली. अंगातला पांढरा कोट काढायचंही तिला सुचलं नाही.

त्याने ज्याला गवत म्हटलं ती गव्हाचीच एक ओळ होती, आणि त्या बियाण्याचा दाणाही आता दुसरीकडे कुठे उरला नव्हता. खडकाळ उतारावर आपोआप उगवणाऱ्या रानटी गव्हाशी तिने शेतातल्या गव्हाचा संकर केला होता. त्या उतारावर बुरशी आणि गहू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले होते. जी झाडं बुरशीपुढे लगेच मान टाकत, त्यांचं बी मागे राहिलं नाही. ज्यांनी दाराला एकच भक्कम कुलूप लावलं, त्यांच्या कुलपाची किल्ली बुरशीला कधी ना कधी सापडली आणि तीही गेली. टिकली ती भलतीच चिवट जात. रोगाला आत येऊ द्यायचं, पण जेवायला वाढायचं नाही. अंगात अशा बारीकसारीक युक्त्या कितीतरी. एक फसली तरी बाकीच्या चालूच. पानांवर ठिपके कायमचे, पण ओंबी भरतेच.

केंद्रातला नियम मात्र सोपा होता आणि तितकाच आडमुठा: पानावर डाग दिसला की झाड बाद. संकराची ती सगळी झाडं बाद झाली. निर्णय घेणाऱ्या साहेबांपुढे ताईने तोंड उघडलं नाही, उरलेलं मूठभर बी रुमालात बांधलं आणि भावाच्या बांधाकडेला पेरलं. "असू दे रे, माझी हौस आहे," एवढंच त्याला सांगितलं. त्यानेही हसून जागा दिली. तिची हौस म्हटल्यावर तो नाही म्हणणारच नव्हता.

रेल्वेच्या फाटकाशी गाडी अडली तेव्हा तिच्या मनात दुसरी भीती शिरली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. धाकट्याचं म्हणणं खरं असलं तर? जे झाड रोगाने मरत नाही, ते रोगाला घरात ठेवून घेतं. महिनोन्‌महिने त्या ओळीत बुरशी थोडी थोडी जगत राहिली असेल. तिथेच तिला ताईच्या वाणाच्या एकुलत्या कुलपाची किल्ली सापडली असेल. हे ताईला पेरतानाही ठाऊक होतं. आपला वाण पक्का आहे, त्याला काय होतंय, असं म्हणून तिने ते मनाआड केलं होतं.

रानात पाऊल टाकलं तर कोटाची कड पिवळी झाली. डावी-उजवीकडे तिचा कौतुकाचा वाण वाळत उभा होता. ओंब्या हाताला पोकळ लागत होत्या. हाच वाण आसपासच्या सगळ्या रानांत होता, आणि वारा सुटला होता.

धाकटा बांधाशी उकिडवा बसला होता. ओळीतली बरीच झाडं उपटून त्याने ढीग केला होता आणि हातात काडेपेटी होती.

"थांब," ती म्हणाली. तिला धाप लागली होती.

"का थांबू? बघ ना, हीच आधी आजारी पडली."

"हो. आणि अजून उभी आहेत. ओंबी दाबून बघ."

त्याने दाबली. दाणा टणक होता. त्याने पुढची दाबली, मग मागे वळून आपल्या रानातली एक.

"म्हणजे रोग यांच्यातूनच आला, आणि मरताहेत मात्र माझी."

"बहुतेक." तिला खोटं बोलता आलं असतं, वाऱ्यावर ढकललं की झालं. "रोग यांच्यात राहू शकतो हे मला माहीत होतं. तुला सांगितलं नाही."

"फवारा मारला तर?"

"थोडंफार वाचेल. सगळं नाही."

तो उठला. मान खाली घालून काडेपेटी नुसती फिरवत राहिला. तिला त्याची भीती वाटली, लहानपणापासून पहिल्यांदाच.

"मग यांचं काय करू? तूच सांग."

"ठेव," ताई म्हणाली. "पुढच्या वर्षी सगळ्यांनाच यांचं बी लागेल."

धाकट्याने आपल्या रानाकडे पाहिलं. मग तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात काडेपेटी कोंबली.

"ही तू घेऊन जा," तो म्हणाला. "माझ्याकडे राहिली तर मी आज ना उद्या जाळीनच."