चहापान व्यवस्था : कु. उज्वला

आमच्याकडे चार माणसं जमली की आधी अध्यक्ष ठरतो, मग काम शोधतात. २००४ साली नाशिक रोडला आम्ही बारा जण जमलो ते लेखनाचं एक सॉफ्टवेअर मराठीत आणायला. ते कुणाच्या मालकीचं नव्हतं. जगभरातल्या माणसांनी मिळून केलेलं, कुणीही घ्यावं, कुणीही सुधारावं असं. अशा कामाला पहिल्या रविवारी काय लागतं? कार्यकारिणी! अध्यक्ष झाले रंगनाथकाका. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, कॉलनीच्या गणेश मंडळाचे अकरा वर्षं अध्यक्ष, शिवाय बसायच्या खुर्च्या त्यांच्या. मग उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सचिव, सहसचिव, आणि उरलेले सगळे सल्लागार. त्या दिवशी टपरीवरून चहा आलाच नाही, म्हणून मी केला. एकदाच. हे लक्षात ठेवा.

मी तेव्हा संगणक क्लासात शिकवायचे. बॅच संपली की त्याच मशीनवर भाषांतराला बसायचे. आठ महिन्यांत सॉफ्टवेअरमधल्या जवळजवळ चार हजार ओळी मराठीत केल्या. दत्तू नावाच्या अबोल सल्लागाराने तीनशेक केल्या. बाकीच्यांनी सल्ले दिले. ‘जतन करा’ म्हणावं की ‘साठवा’, यावर त्यांचे चार रविवार गेले, आणि पाचव्या रविवारी एकजण ‘सेव्हच बरं’ म्हणाला.

माझी आई मालनबाई मनमाडला, रेल्वेच्या क्वार्टरात. तिने अख्ख्या ओळीला सांगून ठेवलं होतं, “माझ्या पोरीचं नाव कॉम्प्युटरात येणार हाय.” मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू? या कामात मिळण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. नाव यावं आणि ते आईने बघावं, एवढीच माझी हाव.

काम करणाऱ्यांच्या नावांची यादी सॉफ्टवेअरमध्येच दिसायची. ती काकांनी स्वतः केली, सवयीप्रमाणे गणेशोत्सवाच्या अहवालासारखी, आणि मला न दाखवता परस्पर पाठवून दिली. सॉफ्टवेअर बाहेर पडलं. शेजारच्या भिकनकडे संगणक होता, तिथे आईने ती यादी उघडून घेतली आणि मला फोन केला.

“आलं गं नाव! पार खाली हाय, पण हाय. ‘चहापान व्यवस्था : कु. उज्वला’.” मग म्हणाली, “चहा तर चहा. भिकनला म्हटलं, तिच्या हातचा चहा लय भारी असतो.”

ती मला सांभाळून घेत होती. ते मला जास्त लागलं. फोन ठेवला आणि रडले नाही, दात खाल्ले.

पुढच्या आवृत्तीच्या वेळी परदेशातल्या मूळ मंडळींचं पत्र आलं. त्यांचा नियम साधा होता. ज्याचं नाव यादीत, त्याच्याकडे सॉफ्टवेअरचा एक भाग, आणि त्या भागाबद्दल वापरणारे थेट त्याला विचारणार. मी सभेत पत्र मराठीतून, शब्दन् शब्द वाचून दाखवलं. मग नम्रपणे म्हणाले, “भाग मानाप्रमाणे वाटावेत. सर्वांत मोठा भाग छपाईचा, तो अर्थात अध्यक्षांना. आणि फोन नंबर ठळक असावेत.” कार्याध्यक्षांना आपला भाग उपाध्यक्षांपेक्षा लहान वाटला. तो मी लगेच मोठा करून दिला. नाव काढायचं झालं तर भर सभेत, कारण सांगून काढायचं, हेही ठरावात मीच घालून घेतलं. तेवढ्यात समोसे आले आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

मी माझं नाव होतं तिथेच ठेवलं. चहाबद्दल कोण फोन करणार?

सीडी शाळांत गेल्या, कचेऱ्यांत गेल्या, आणि फोन सुरू झाले. सुरगाण्याच्या एका गुरुजींनी काकांना जेवताना गाठलं, “साहेब, वेलांट्या छापतच नाय हो!” काकांनी प्रिंटर बंद करून चालू करायला सांगितलं. गुरुजींनी तो दिवसातून सहा वेळा बंद करून चालू केला आणि दर वेळी निकाल कळवला. कार्याध्यक्षांना मेहुणीच्या लग्नात, अक्षता हातात असताना फोन आला. उपाध्यक्षांच्या वत्सलाबाई तर घंटी वाजली की न विचारताच “ते गावाला गेलेत” म्हणू लागल्या.

तीन आठवड्यांनी सभा भरली. इतकी उपस्थिती कधीच नव्हती. कुणाला रक्तदाब, कुणाला मुलाची दहावी, एकाला अचानक अध्यात्माची ओढ. प्रत्येकाने उभं राहून, कारण सांगून, आपलं नाव काढून घेतलं. मी गंभीर चेहऱ्याने इतिवृत्त लिहीत होते. इतकी मजा मला आयुष्यात आली नव्हती.

शेवटी काका उरले. “उज्वला, कोणी काय केलंय त्याची नोंद मशीन ठेवतं म्हणतात. काढ.”

मी काढली. ओळ, तारीख, नाव. काका चष्मा लावून वाचत गेले. पानामागून पान माझंच नाव, मध्ये कुठे दत्तू. त्यांच्या नावावर तीन ओळी होत्या, ‘होय’, ‘नाही’ आणि ‘रद्द करा’.

“प्रेसमध्ये तीस वर्षं काढली,” काका म्हणाले. “न तपासलेल्या कागदावर एकदाही सही केली नाही. आणि इथे अख्ख्या छपाईखाली माझं नाव!” माझी मजा तिथेच संपली. म्हातारा खोटा नव्हता हो, त्याला फक्त अहवाल लिहायची सवय होती.

“तुमचंही काढू?” मी विचारलं.

“नको. फोन मी घेत जाईन. ते गुरुजी आता माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलायचे नाहीत. वेलांटीचं काय करायचं तेवढं मला शिकव. आणि यादी आता तू कर.”

“तुम्हीच करा,” मी म्हणाले. “फक्त नोंद बघून करा.”

त्यांनी केली, आणि या वेळी पाठवण्याआधी मला दाखवायला आणली. शेवटच्या ओळीत मी बदल सुचवला, तर ऐकेनात.

महिन्याने सुधारलेली सीडी निघाली आणि आईचा फोन आला. “उज्वला, पहिलंच नाव तुझं गं! भिकनला म्हटलं, परत वाच. तीनदा वाचून घेतलं.” मग तिनेच विषय बदलला. “अन् खाली ते ‘फोन व चहापान : रंगनाथ’, ते कोण गं?”

“आमचे अध्यक्ष.”

“अगंबाई! जमतो का त्यांना चहा?”

“साखर जास्त होते,” मी डोळे पुसत म्हणाले, “पण दर रविवारी करतात.”