भट्टीतला सांधा

गोंदानं चिकटवलेली पहिली पट्टी ऐंशी अंशांवरच सुटली. तिला तारेनं टांगलेला लोखंडी नट भट्टीच्या तळाशी ठणकन पडला. साबेरानं काचेला डोळा लावला. दुसऱ्या पट्टीचा नट अजून लोंबत होता.

जुन्नरच्या त्या बोळकांडीएवढ्या दुकानातली ही भट्टी मोटरींच्या वाइंडिंगचं व्हार्निश भाजायची. नवरा मेहबूब गेल्यापासून सहा वर्षं साबेरा एकटीच मोटरी भरत होती. आज मात्र भट्टीत रॉकेटच्या गोंदाची, इपॉक्सीची परीक्षा होती: पहिल्या पट्टीला जुनं, दुसरीला नवं.

राजुरीची श्रेया इंजिनिअरिंगला होती. तिनं नि तिच्या मैत्रिणींनी माणसाच्या उंचीचं रॉकेट बांधलेलं. इंजिनाची नळी आत कशानं चिकटवावी, हे तिनं गेल्या महिन्यात साबेरालाच विचारलं होतं. साबेरानं पाच मिनिटांत धरणारं इपॉक्सी काढून दिलं. त्या इपॉक्सीनं केलेले केबलचे जोड बोअरमध्ये वर्षानुवर्षं टिकले होते. लोणीच्या माळावर रॉकेट उठलं, सांधा तापून मऊ पडला आणि इंजिन टोक फोडून वरून बाहेर आलं. बोअरमधल्या मोटरची धग पाणी ओढून नेतं. रॉकेटला पाणी कुठलं? इतकं साधं साबेराच्या ध्यानात आलं नव्हतं. तेव्हापासून नमाजातही मन थाऱ्यावर नव्हतं.

आता पुन्हा उडवायला कॉलेजनं एकच रविवार दिला होता. या वेळी फसलं, तर पोरींचं रॉकेट कायमचं बंद.

दारातल्या स्टुलावर सावळाराम आपल्या मोटरीसाठी ताटकळला होता. "भाबी, माझी मोटर काय चंद्रावर जायची न्हाई. तिला आधी भरा की."

"रविवारी न्या म्हणते ना, भाऊ."

श्रेया नव्या इपॉक्सीच्या डब्यावरचं बारीक छापलेलं वाचत होती. हे सुकायलाच अख्खा दिवस घेणार, वर भाजायचं. "नळी वाकली तर, चाची?"

"फायबरची हाय, न्हाई वाकायची. सावकाश तापवू. घाई एकदा करून बसले मी."

काटा एकशेवीसवर गेला. नट हलला नाही. शुक्रवारी सांधा भरला, शनिवारी भाजला.

रविवारी साबेरा लोणीला गेली नाही. सावळारामच्या मोटरीत तार भरायला बसली. वेढे मोजताना चाळिसाच्या पुढं तीनदा चुकली, तीनदा उसवलं. फोन उचलून पाहिला, पालथा ठेवला, परत उलटा केला. सावळारामनं मध्येच विचारलं, "गेलं का वर?" आणि चौथ्यांदा मोजणी गेली.

दुपार कलल्यावर श्रेया आली. कपडे उसाच्या पाचटानं भरलेले, हातात काजळलेली नळी. रॉकेट उसात उतरलं, शोधण्यात दोन तास गेले, फोनही तिथंच बंद पडला, असं ती धापा टाकत सांगू लागली.

साबेरानं नळी घेतली. सांध्यावर अंगठ्याचं नख दाबलं. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक ओढलं. ओरखडासुद्धा उठला नाही.

"किती वर गेलं, ते तरी विचारा, चाची."

"सांग की," साबेरा म्हणाली. पण नजर सांध्यावरच होती.

मग तिनं ओढणीच्या टोकानं काजळी पुसली, नळी श्रेयाच्या हाती दिली आणि मोटर पुढ्यात ओढली. तार सोडवून पहिल्यापासून मोजू लागली. या वेळी सावळारामही बोटांवर वेढे मोजत होता.