वाचणारं गिऱ्हाईक

दुधावरचं झाकण थडथडलं आणि घरातली शांतता मोडली. गॅस बंद करून ती पुन्हा लॅपटॉपपुढे बसली. पॅकिंगची यंत्रं विकणाऱ्या कंपनीसाठी ती घरून गिऱ्हाइकं हेरायची. लोकांचा इंटरनेटभर माग काढणाऱ्या कुकीज वापरणं कंपनीने बंद केल्यापासून ती आपल्याच वेबसाइटवर लेख लिहायची. कुठल्या कारखान्याच्या इंटरनेटवरून कुठला लेख वाचला जातोय एवढं दिसलं, की त्यांच्या मनातलं कळायचं.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "मॅडम, मासा गळाला लागलाय! 'कामगारांशिवाय पॅकिंग' हा तुमचा लेख एक कारखाना सारखा वाचतोय. आज तर किमतीचं पानही उघडलं. लगेच फोन लावा."

तिने कारखान्याचं नाव पाहिलं. तिथेच तिचा नवरा पॅकिंगला होता. सकाळी डबा घेताना तो हसत म्हणाला होता, "हल्ली मॅनेजर फार गोड बोलतो बुवा!"

झोपेतून उठलेली लेक डोळे चोळत तिच्या मांडीवर चढली. तिने लेकीचे विस्कटलेले केस मागे सारले. पडद्यावरच्या यंत्राच्या लोखंडी हातांवर इवलंसं बोट ठेवून लेकीने विचारलं, "आई, हे बाबांना मदत करणार?"