वाकड्या दस्त्याची रायफल

"दारू ढोसून केलंय का हे कुणी?" असं म्हणत जुन्या बंदुका जमवणाऱ्या क्लबातल्या क्रेग टोलेफसननं पिशवीची चेन ओढली आणि रायफल माझ्या काउंटरवर ठेवली. "डोना, तू पण बघ. असला दस्ता जन्मात बघितलायस?"

मी बघितला. रायफल लष्करी होती, पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या बनावटीची. पण तिचं पुढचं लाकूड कापून टाकलेलं होतं, नळी चार बोटं छाटलेली होती आणि खांद्याला टेकवायचा अक्रोडाचा दस्ता मुठीच्या मागे एकदम उजवीकडे वळला होता. सरळ उभं राहून ती कुणी उजव्या खांद्याला लावली, तर नळी उजव्या डोळ्यासमोर न येता डाव्या डोळ्यासमोर यावी, असा तो वाकडेपणा होता. मला आठवत असलेली तसली रायफल जगात एकच होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वेंडेल आतून बाहेर आला.

वेंडेल ऑस्टबी हा आमच्या गावचा बंदुका दुरुस्त करणारा. वय चौऱ्याहत्तर. मी सव्वीस वर्षं त्याच्या दुकानात फोन घेते, कॉफी करते आणि त्याच्या वतीनं गिऱ्हाइकांशी बोलते, कारण त्याला स्वतःला बोलायचं म्हणजे संकट वाटतं. त्या दिवशी तो शेरिफच्या माणसाच्या पिस्तुलाची स्प्रिंग बदलत होता. तेलकट हात पुसत तो आला आणि रायफल बघून पुसायचा थांबला.

"पुन्हा होती तशी करायची," क्रेग म्हणाला. "सैन्याची जुनी नळी मिळवलीय मी, दस्ताही मिळवलाय, अजून ग्रीसमध्ये गुंडाळलेला आहे. एप्रिलच्या प्रदर्शनात मांडायची आहे. तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार?"

"कुठं मिळाली?" वेंडेलनं विचारलं.

"लुओमांच्या घरी. म्हातारा गेला ना, तर मुलीनं सगळं सामान विकायला काढलं. बर्फ उपसायच्या फावड्यांच्या शेजारी उभी करून ठेवली होती हो! इतिहासाचा तुकडा, आणि कुठल्यातरी कसायानं त्याचं मटण करून ठेवलंय."

वेंडेलनं रायफल उचलली, गोळी भरायचा बोल्ट मागे ओढून आत बघितलं आणि विचारलं, "काढलेल्या लाकडाचं काय करू?"

"शेगडीत घाला. नळी भंगारात."

आता सांगायलाच हवं की तो कसाई म्हणजे वेंडेलच होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यानं जुन्या रायफली ढिगानं विकल्या, तेव्हा आमच्या उत्तर मिनेसोटात घरोघरी एक तरी आली. पण ते जड धूड घेऊन बर्फात हरणामागे कोण फिरणार? मग लोक ती वेंडेलकडे आणायचे. तो लाकूड उतरवायचा, नळी आखूड करायची असेल तर करायचा, दुर्बीण बसवायचा, नवा दस्ता कोरायचा, त्याच्या मुठीवर बारीक जाळीची नक्षी काढायचा. त्याच्या हातची रायफल असणं म्हणजे गावात मान होता. तीनेकशे तरी केल्या असतील त्यानं. पुढे वारं फिरलं. संग्राहक आले, क्लब निघाले. वस्तू सैन्यातून निघाली तशीच पाहिजे, तिच्यावरचा ओरखडासुद्धा पुसायचा नाही, असं ठरलं. ज्यांनी काम केलं ते कारागीर एका रात्रीत कसाई ठरले. आणि मजा बघा, ती मोडलेली रायफल पुन्हा जोडायला सगळे यायचे वेंडेलकडेच. क्लबातली माणसं बाहेरगावची आणि वयानं लहान. वेंडेलच्या आधीच्या आयुष्याबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही.

क्रेग गेल्यावर मी आत गेले. "ती आर्नी लुओमाची आहे ना रे?"

"हं."

"मग बोललास का नाही?"

"काय बोलायचं?"

"की तो दारू पिऊन केलेला नाही म्हणून! त्या माणसाचा उजवा डोळा लाकडाच्या गिरणीत गेला. डावा हात कोपरातून वळायचा बंद झाला, म्हणून डाव्या खांद्याला रायफल लावता येईना. उजवा खांदा आणि डावा डोळा यांची गाठ घालून दिलीस तू. दोन महिने खपत होतास. माझी आई सांगायची, आर्नी रोज इथं येऊन उभा राहायचा आणि तू त्याच्या गालाला ठोकळा लावून पेन्सिलीनं खुणा करायचास."

"तुझ्या आईला फार माहिती."

"चार पोरं होती त्याला. दर नोव्हेंबरला हरिण पडलं नसतं तर खाल्लं काय असतं त्यांनी?"

वेंडेलनं स्क्रू काढायला सुरुवात केली होती. दस्त्यातून नळी अलगद उचलली गेली. लाकडानं झाकलेल्या बाजूला बारीक अक्षरं ठोकलेली दिसली, त्याच्या नावाची आद्याक्षरं आणि एकसष्ट साल. त्यानं अंगठ्यानं ती झाकली. माझ्यापासून लपवण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे.

क्रेगला न सांगण्याचं खरं कारण मला ठाऊक होतं. त्या एप्रिलच्या प्रदर्शनात क्लब त्याचा सत्कार करणार होता. जुनी शस्त्रं पन्नास वर्षं जपल्याबद्दल तांब्याचा पत्रा, त्यावर नाव कोरलेलं. वेंडेलला आयुष्यात कुणी कसला पत्रा दिला नव्हता. बायकोनं घर सोडताना चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. सत्काराचं पत्र आलं तेव्हा त्यानं मला ते दोनदा वाचायला लावलं, वर म्हणाला, "कशाला उगाच हे लोक," आणि संध्याकाळी नवा शर्ट घेऊन आला.

काम त्यानं उत्तम केलं. वाईट करता आलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. क्रेगनं आणलेली नळी चढवली, त्यानंच आणलेल्या दस्त्यावरचं ग्रीस गरम फडक्यांनी उतरवलं, जवसाचं तेल रोज हातानं जिरवलं. पुढच्या लाकडाचा आणि दस्त्याचा रंग इतका एक केला की सैन्याच्या कारखान्यालाही जमला नसता. आणि एका सकाळी मी येऊन बघते, तर वाकडा अक्रोडी दस्ता करवतीनं कापून त्याचे तीन तुकडे शेगडीजवळ ठेवलेले.

"भिंतीला लावला असतास तर हात झडले असते का तुझे?" मी ओरडले.

"गिऱ्हाईक म्हणालं जाळा."

"गिऱ्हाईक म्हणालं उडी मार, तर मारशील?"

"डोना, कॉफी कर."

मी केली नाही. शेगडीचं झाकण त्यानं स्वतः उघडलं. तेल प्यायलेलं लाकूड भराभर पेटलं. मी त्याच्याशी आठवडाभर कामापुरतं बोलले. चिडले होते मी त्याच्यावर, आणि आजही थोडी आहेच.

प्रदर्शन गावच्या हॉकीच्या रिंगणात होतं. एप्रिलमध्ये तिथला बर्फ काढून टाकतात आणि सिमेंटवर लांब टेबलं मांडतात. एका बाजूला पिस्तुलं, जर्मन, बेल्जियन, काचेखाली दागिन्यांसारखी मांडलेली, दुसऱ्या बाजूला रायफली. चर्चच्या बायका हॉटडिश, आमच्याकडचं मांस-बटाट्याचं भाजलेलं जेवण, वाढत होत्या. सकाळी दहाला सत्कार झाला. क्रेग मनापासून बोलला, माणूस काही वाईट नाही तो. वेंडेल नव्या शर्टात उभा राहिला, "थँक यू" एवढंच म्हणाला आणि पत्रा हातात उलटा धरून खाली आला.

त्याला बसवलं होतं त्याच रायफलीमागे. तिच्यापुढे क्रेगनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं कार्ड होतं: 'एका अनोळखी कसायानं विद्रूप केलेली ही रायफल वेंडेल ऑस्टबी यांनी मूळ रूपात परत आणली.' लोक थांबायचे, वाचायचे, कसायाला शिव्या द्यायचे आणि वेंडेलचा हात हातात घ्यायचे. दुपारपर्यंत त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी शेजारी बसून हॉटडिश चिवडत होते. मनात म्हटलं, घे आता, हाच मान हवा होता ना तुला.

अडीचच्या सुमाराला मार्लिस आली, आर्नी लुओमाची थोरली. साठीची बाई, हिवाळी कोट अजून अंगावरच. टेबलामागून टेबल बघत ती आमच्यापर्यंत पोचली.

"वेंडेल! बरं झालं भेटलात. माझ्या हातून एक चूक झाली हो. बाबांचं सामान विकताना त्यांची रायफलही देऊन टाकली, कुणाला तेही बघितलं नाही. तेव्हा डोकंच चालत नव्हतं. आता झोप लागत नाही. इथल्याच कुणीतरी घेतली म्हणे. तुम्ही ओळखालच, तुमच्याच हातची ती."

क्रेग माझ्या मागे उभा होता. कॉफीचा कप त्याच्या ओठांजवळ थांबला.

मी वेंडेलकडे बघितलं. 'नाही बघितली' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती पुढच्या टेबलाकडे गेली असती, पत्रा राहिला असता, नाव राहिलं असतं. मी तर मनातल्या मनात पैजच लावली होती की हा तेच म्हणणार.

"ही बघ," वेंडेल म्हणाला आणि समोर बोट दाखवलं.

"ही? छे. ही सैन्यातली आहे."

"हीच ती. आर्नीसाठी मीच केली होती. आणि या हिवाळ्यात मीच मोडली."

मार्लिसनं वाकून बघितलं. बोल्टवर हात ठेवला, बहुधा तेवढाच भाग ओळखीचा वाटला असावा. "आणि तो लाकडाचा..."

"जाळला."

ती रडली नाही, ओरडली नाही. मला वाटतं तिनं ओरडायला हवं होतं. "आम्ही चौघं पोरं बाबांना चोरून ती खांद्याला लावून बघायचो," ती म्हणाली. "कुणालाच नेम धरता यायचा नाही. बाबा हसायचे. म्हणायचे, ही माझी आहे, तुमचं नाही ऐकणार."

"हं."

"आता कुणालाही धरता येईल?"

"कुणालाही."

क्रेग पुढे झाला, तांबडा झालेला. "मॅडम, तुम्हाला पाहिजे असेल तर न्या. मी काही म्हणणार नाही. खरंच न्या."

मार्लिसनं कोटाची बटणं लावली. "नको," ती म्हणाली. "ही नको." आणि वेंडेलच्या खांद्याला ओझरता हात लावून ती दाराकडे गेली.

मग क्रेगनं खिशातून पेन काढलं आणि कार्ड उचललं. "मला माहीत नव्हतं हो," तो म्हणाला. "दुसरं लिहितो. 'कसाई' शब्द काढूनच टाकतो."

वेंडेलनं त्याच्या हातातलं पेन घेतलं.

"कसाई राहू दे," तो म्हणाला, आणि चष्मा लावून त्यानं 'अनोळखी' शब्दावर काट मारली. रेघ सरळ आली.