एक पट्टा घासायचा राहिला

मी एक जुना ब्रश आहे. लाकडी पाठीचा, राठ केसांचा आणि मधोमध तडकलेल्या दांड्याचा. मित्रांनो, सकाळी ज्या पाण्याने तुम्ही चूळ भरता, त्या पाण्याची राखण मी अकरा वर्षं केली. तुम्हाला पत्ता होता का? नव्हताच.

शहराच्या तलावावर होड्या उतरवायच्या फाटकापाशी माझी जागा होती. एक पाणवेल आहे, बाहेरून आलेली. बोटभर तुकडा पाण्यात पडला तरी ती रुजते आणि बघता बघता सगळा तलाव गिळते. म्हणून होडी कुणाचीही असो, तळापासून घासूनच आत सोडायची, असा नियम होता. तो मनापासून पाळायच्या फक्त फाटकावरच्या मावशी. मला घेऊन त्या होडीखाली आडव्या व्हायच्या. होडीवाले वैतागायचे, त्यांना 'किरकिऱ्या मावशी' म्हणायचे. "माझी नात हेच पाणी पिते," एवढंच बोलून त्या पुन्हा घासायला लागायच्या. अकरा वर्षांत एक तुकडा आत गेला नाही. शाबासकी मात्र कुणी दिली नाही.

मग तलावाच्या साहेबांनी वेल काढायचं यंत्र मागवलं. आपल्याकडे वेल नव्हती, पण तयारी दिसायला हवी ना! यंत्र आलं ते वेलीने भरलेल्या दुसऱ्या तलावातून, थेट. फोटोवाले ताटकळले होते. मावशींनी वाकून वेल वर ओढणारा त्याचा पट्टा पाहिला.

"साहेब, पट्ट्यात हिरवं अडकलंय. अर्धा तास द्या, घासून देते."

"अहो मावशी, साबणाला कुणी आंघोळ घालतं का?"

सगळे हसले. मावशी बाजूला झाल्या आणि यंत्र पाण्यात उतरलं. त्या बाजूला झाल्या हे मला आजही खुपतं. मी त्यांच्या हातात कोरडाच होतो.

पुढच्या उन्हाळ्यात तलाव हिरवा झाला. नळाला कुजका वास येऊ लागला, मुलं आजारी पडली. चौकशी बसली. तिने एकच विचारलं, फाटकावर कोण होतं? मावशींचं काम गेलं. मला खिळ्याला अडकवताना त्या पुटपुटल्या, "मी त्या यंत्राच्या चाकापुढे बसायला हवं होतं रे." त्यानंतर त्या दिसल्या नाहीत.

यंत्राचं मात्र नशीब फळफळलं. ते रोज वेल कापतं, कापलेले तुकडे मागे सांडतं आणि ते तुकडे पुन्हा रुजतात. पेपरात फोटो त्याचाच छापून येतो.

उद्या ते दुसऱ्या शहराच्या तलावावर प्रात्यक्षिकाला जाणार आहे. तिथलं पाणी अजून नितळ आहे म्हणे. आज मला खिळ्यावरून काढलं तेव्हा वाटलं, चला, उशिरा का होईना, अक्कल आली. पण साहेबांच्या माणसांनी माझ्याकडून यंत्राच्या नावाची पाटी तेवढी चकचकीत करून घेतली.

मित्रांनो, ते यंत्र तुमच्या तलावावर आलं, तर पाटी वाचत बसू नका. खाली वाका आणि त्याचा पट्टा बघा. कुणी हसलं तर हसू द्या, पण बाजूला होऊ नका.